समुद्राची ओटी

न्हावऱ्यात समुद्र बघितलेली बाई म्हटलं की सोजराबाईंचं नाव निघायचं. आता गावातली पोरं उठसूट गोव्याला जातात आणि लाटांचे व्हिडिओ टाकतात, त्यामुळे त्या मानाला पूर्वीचा भाव राहिलेला नाही. पण एक काळ असा होता की घोड नदी आणि भीमा सोडून मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. विहिरीवर धुणं धुता धुता बायका म्हणायच्या, "सोजरे, सांग की गं, कसा असतो त्यो." मग सोजराबाई हातातलं लुगडं तसंच दगडावर ठेवून सांगायच्या. डोंगराच्या पोटात निळंशार पाणी, पलीकडचा काठ धुक्यात गेलेला, आवाज म्हणून नाही, आणि ओंजळीत घेऊन प्यालं तर गोड.

"गोड?" शेजारच्या अनसाबाई चौथी शिकलेल्या, त्या हटकून विचारायच्या. "आमच्या मास्तरनं तर खारं सांगितलं व्हतं."

"त्ये मुंबईचं. मुंबईचं काय सांगावं."

इथं तो वाद मिटायचा, कारण मास्तरांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण अनसाबाईंची दुसरी एक शंका होती, आणि तिचं उत्तर सोजराबाईंना काही केल्या सापडत नसे. सोजराबाईंनी त्या पाण्यापुढं पदर पसरून नवस केला होता, 'मूल दे, तुझी खणानारळानं ओटी भरायला येईन.' अनसाबाई म्हणायच्या, "ओटी भरायची ती देवीची, न्हाईतर नदीची. बाईमानसाची. समिंदर तर बाप्या. बाप्याची वटी कशी भरनार तू?" सोजराबाई यावर धुणं जरा जोरात आपटायच्या, एवढंच.

नवस मात्र फळाला आला होता. लग्नाला सहा-सात वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, ती पुढच्याच वर्षी उजवली. पुराणातला जालिंदर समुद्राच्या पोटी जन्मला, असं कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं, म्हणून मुलाचं नाव जालिंदर ठेवलं. ओटी भरायला जायचं तेवढं राहून गेलं. कधी कांदा काढणीला आला, कधी ऊस तुटायचा होता, कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं मर्तिक. संसारी माणसाच्या नवसाचं दुसरं काय होणार?

हे सगळं ज्यांनी घडवलं ते हौसराव, सोजराबाईंचे मालक. तो समुद्र त्यांनीच दाखवला होता. आणि तो समुद्र नव्हता, हे सबंध दुनियेत फक्त त्यांनाच माहीत होतं.

झालं होतं ते असं. तरुणपणी हौसराव सर्जेरावांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कांद्याच्या गोण्या भरायच्या आणि सांगतील त्या बाजारात नेऊन ओतायच्या. त्या वर्षी हौसरावांच्या आईनं सुनेच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली होती. दुसरं स्थळ बघायचं, असं ती ओसरीवर बसून, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. तेवढ्यात कोयनेच्या बाजाराची खेप निघाली. पाटणला एक वैद्य मूल होण्याचं औषध देतो, असं सांगून हौसरावांनी बायकोला ट्रकात घेतलं. औषध घेतलं, कोयनेच्या बाजारात कांदा उतरवला. तिथला हमाल म्हणाला, "इथवर आलाय तर शिवसागर बघून जावा." आणि त्यानं मागच्या पायवाटेनं दोघांना काठावर नेऊन सोडलं.

शिवसागर हे धरणाच्या पाण्याचं नाव. ते हौसरावांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी घाट कधी उतरलेला नव्हता. सागर म्हणजे सागर. हिवाळ्याची सकाळ, पाण्यावर धुकं, पलीकडे काही दिसेना. सोजराबाईंनी विचारलं, "ह्योच का समिंदर?" आणि हौसराव म्हणाले, "व्हय. ह्योच." लग्न झालेल्या पुरुषाला 'मला माहीत नाही' एवढं म्हणता येत नाही, ही काही एकट्या हौसरावांची अडचण नव्हे.

पुढच्या वर्षी कांदा घेऊन ते पहिल्यांदा घाट उतरले आणि थेट रत्नागिरीला पोचले. मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर समोर जे काही गर्जत होतं ते बघून ते खाली पाण्यापर्यंत उतरले. पाणी चाखून बघितलं. थुंकले. ट्रकच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले. घरी गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं, असं परतीच्या सबंध वाटेवर घोकत आले. दारात सोजराबाई उभ्या, हातात हिरवा चुडा, सातवा महिना. म्हणाल्या, "माझ्या समिंदरानं ऐकलं बघा." हौसराव हातपाय धुऊन जेवले आणि झोपले. त्यानंतर ते कितीदा रत्नागिरीला गेले, कितीदा विहिरीवरून जाताना त्यांनी 'निळंशार, गोड' ऐकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती मूठ झाकून धरणाऱ्याचा हात किती अवघडतो, ते त्यालाच माहीत.

यंदा उन्हाळ्यात सोजराबाई तापानं फणफणल्या आणि आठवडाभर दवाखान्यात पडून होत्या. घरी आल्यावर त्यांचं एकच पालुपद. "अंगावर नवस ठिवून मला जायचं न्हाई." जालिंदर सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर. पोट सुटलेला, स्वभावानं मऊ. दसऱ्याला त्यानं नवी गाडी घेतली होती. दिवाळी उरकल्यावर म्हणाला, "आई, रजा टाकलीय. रत्नागिरीला जाऊ आन् तुझा नवस मोकळा करू."

हौसरावांनी मोडता घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. घाट खराब आहे, ऊसतोडीची टोळी कधीही येईल, गुडघा दुखतो. कुणी ऐकून घेतलं नाही. गोष्ट सरळ होती. नवस बोलला कोयनेला आणि ओटी निघाली रत्नागिरीला. देवाचं देणं चुकीच्या दारात ठेवून आलं तर ते फिटत नाही, यावर हौसरावांचा बायकोइतकाच विश्वास. सांगितलं नाही तर ती नवस अंगावर ठेवूनच जाणार, वर फिटला या समाधानात. आणि सांगितलं, तर जन्मभर मिरवलेला तिचा समुद्र तिच्या हातून काढून घ्यायचा, तोही आपणच. ट्रकचे ब्रेक फेल झालेले त्यांना परवडले असते, हे नाही.

उजाडता उजाडता निघाले. जालिंदर गाडीवर, शेजारी हौसराव, मागं सोजराबाई आणि सून करुणा. ओटीची पिशवी सोजराबाईंच्या मांडीवर होती. हिरवा खण, नारळ, घरचे तांदूळ, हळदीकुंकू, बांगड्या. करुणा म्हणाली, "आत्या, डिकीत ठेवू का? अवघडाल तुम्ही."

"ऱ्हाऊ दे. देवाचं हाय."

पारगावजवळ भीमा ओलांडली. पाण्यावरून वाफ निघत होती आणि काठानं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मोबाइलमधली बाई रस्ता सांगायला लागली तसे हौसराव म्हणाले, "बंद कर तिला. ही कवा ट्रक घिऊन आलीती हितनं?" पुढं चौफुला आला. ट्रकवाल्यांच्या तोंडी चौफुल्याचं नाव का असायचं ते सगळ्या दौंड तालुक्याला ठाऊक आहे. तमाशा थिएटरांच्या पाट्या दिसल्या तशा सोजराबाई मागून म्हणाल्या, "हितं तुमचा ट्रक लई पंक्चर व्हायचा म्हनं." जालिंदर गालात हसला. हौसरावांनी समोरच्या रस्त्याकडं फार बारकाईनं बघितलं.

सुपे मागं पडलं, मोरगावला गाडीतूनच सगळ्यांनी हात जोडले. नीरा ओलांडली, लोणंद आलं. मार्केटकडं कांद्याच्या गोण्यांची रांग लागली होती, आणि तो वास नाकात शिरल्यावर हौसरावांना एकदम बरं वाटलं. त्यांनी काच खाली केली. या वाटेवर त्यांचं सगळं तरुणपण सांडलेलं होतं. तेव्हा रस्ता एकेरी होता. दोन्ही बाजूंनी वडाची झाडं, समोरून गाडी आली की एकानं खाली उतरायचं, आणि उतरलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्यानं हात करायचा, अशी रीत. कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबल्याशिवाय पुढं जायचं नाही. स्वयंपाक ट्रकखाली, झोप गोण्यांवर. आता रस्ता रुंद झाला, वड गेले, आणि हात करायला कुणाला सवड नाही. हौसरावांनी सवयीनं एका समोरून येणाऱ्या ट्रकला हात केला. त्या पोरानं बघितलंसुद्धा नाही.

मागच्या सीटवर सोजराबाईंचा समुद्र सुरू झाला होता. करुणानं तो पूर्वी ऐकला होता, पण ती शहाणी मुलगी, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी हुंकार देत होती.

"टीव्हीवर लाटा दावत्यात नं, तसं काई न्हवतं. कसं, दुधावानी निवांत. मी ओंजळीनं प्याले. तसलं पानी मी पुन्यांदा चाखलं न्हाई."

"पण आत्या, खारं असतं ना?"

"तवा नसंल. तवाचं सगळंच गोड व्हतं बग."

हौसरावांनी काच वर केली. खाई त्याला खवखवे म्हणतात. प्रत्येक वाक्यागणिक त्यांना आत काहीतरी टोचत होतं. साताऱ्यात मिसळ खायला थांबले तेव्हा सांगायचं ठरवलं, तर जालिंदर आईला पेढ्यांच्या दुकानात घेऊन गेला. उंब्रजला महामार्ग सोडून गाडी उजवीकडं वळली तेव्हा सांगायचं ठरवलं, तर सोजराबाईंना डुलकी लागली होती. माणसाला टाळायचंच असलं की मुहूर्त सापडत नाही.

पाटणच्या अलीकडं डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसू लागल्या आणि खाली कोयनेचं पात्र रस्त्याला येऊन भिडलं. सोजराबाई जाग्या झाल्या.

"पाटण का ह्ये? ते वैद्य असतील का वो अजून?"

"कुठले. तवाच म्हातारं व्हतं."

"औषध दिलं होतं ना त्यांनी?" करुणानं विचारलं.

"दिलं व्हतं की. कडू जहर. मी घेतलंच न्हाई." सोजराबाई खुसकन हसल्या. "परतीला ट्रकातनं फेकून दिलं. यांना सांगितलं न्हाई. म्हनलं, समिंदराला सांगून आलोय आन् वर औषध घेतलं तर त्येला काय वाटंल, हिचा भरवसा न्हाई."

इतकी वर्षं हौसरावांनी मनाची एक समजूत घालून ठेवली होती, की मूल झालं ते वैद्याच्या औषधानं. समुद्र खरा असो की खोटा, काय फरक पडतो. आता तोही आधार गेला. जे काही होतं ते त्या पाण्याचंच होतं, आणि ते पाणी आता जेमतेम अर्ध्या तासावर आलं होतं.

हेळवाकला ते म्हणाले, "च्या घिऊ." धरणाकडं जाणारा फाटा टपरीवरून दिसत होता. सोजराबाई गाडीतून उतरल्या आणि पिशवी छातीशी धरून डोंगरांकडं बघत राहिल्या. झाडी अंगावर आल्यासारखी दाट, हवेत गारवा.

"मी हितं आल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या.

हौसरावांनी कपबशी खाली ठेवली. हीच वेळ होती. नुसतं बोट करून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. ते म्हणाले, "घाटातली गावं समदी सारखीच दिसत्यात."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी बोलले ते अजाणता होतं. हे मात्र जाणूनबुजून बोलले, आणि बोलल्याबरोबर त्यांची त्यांनाच लाज वाटली. चहा तसाच टाकून ते गाडीत जाऊन बसले.

कुंभार्ली घाट सुरू झाला. एकेक वळण हौसरावांच्या हाडांत मुरलेलं. इथं दुसरा गिअर, इथं हॉर्न. जालिंदरला न सांगता ते आपल्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. घाटमाथ्यावरून खाली सगळं कोकण निळसर धुरकट पसरलेलं दिसलं, आणि करुणानं गाडी थांबवून फोटो काढले. चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं. माती तांबडी झाली, घरांवर कौलं आली, अंगाला चिकट घाम आला. हौसराव छाती चोळत बसले होते. जालिंदर म्हणाला, "आबा, ॲसिडिटी झाली का?" ते म्हणाले, "व्हय, तेच."

मांडवीला पोचले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. धक्क्यावर माणसं फिरत होती, लांब मिरकरवाड्याकडं मासेमारीच्या बोटी बंदरात परतत होत्या, झेंडे फडफडत होते. वाळू काळी, आणि समोर ते सगळं, हलतं, उसळतं, कानठळ्या बसवणारं.

सोजराबाई चपला काढून पाण्याकडं गेल्या. हौसराव त्यांच्या मागं, जालिंदर आणि करुणा जरा अंतरावर, फोटो घ्यायच्या तयारीत. सोजराबाई थांबल्या. खूप वेळ बघत राहिल्या. एक लाट आली आणि त्यांचं लुगडं पोटरीपर्यंत भिजवून गेली. त्या दचकून मागं सरल्या, मग वाकल्या, ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं.

ओंजळ गळून गेली.

"ह्यो न्हवं," त्या म्हणाल्या.

"काय गं आई?" जालिंदर पुढं आला.

"ह्यो न्हवं. मी ह्येच्याकडं मागितलंच न्हाई काई."

"अगं, समुद्र सगळा एकच असतो. हितनं मुंबईपतुर हाच."

"आसंल जगाचा एक. ज्येच्यापुढं पदर पसरला त्येला मी वळखनार न्हाई व्हय?" पिशवीवरचा हात त्यांनी घट्ट केला. "ह्याला न्हाई भरायची मी वटी. जागा चुकली आसंल. आपला कुठं व्हता वो?" आणि त्या हौसरावांकडं वळल्या.

एक खोटं आणखी बोललं असतं तर निभावून गेलं असतं. त्या टेकडीच्या पलीकडं, म्हणून बोट दाखवायचं, निवांतशी खाडी बघून तिथं ओटी भरायची, की सगळे सुखानं घरी. हौसरावांचं बोट उचललंही गेलं होतं. पण बायको त्यांच्या तोंडाकडं असं बघत होती, की हा माणूस सांगेल ते बरोबरच असणार. पंचेचाळीस वर्षांपूर्वीही ती अगदी अशीच बघत होती. त्यांनी हात खाली घेतला.

"सोजरा, त्यो समिंदर न्हवता. कोयनेचं धरन व्हतं. आज च्या प्यालो नं आपन, तिथनं वर."

जालिंदरला हसू फुटत होतं, करुणानं त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि त्याला धक्क्याकडं घेऊन गेली.

सोजराबाई म्हणाल्या, "तुमाला ठावं व्हतं?"

"तवा न्हवतं. आईची आन. शिवसागर म्हनले, मला सागर वाटला. फुडच्या वर्सी हितं आलो, ह्याच धक्क्यावर, तवा कळलं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुला सातवा लागला व्हता. म्हनलं, नवसाचं काय चुकलं असं मनात घेशील, पोटातल्याला धसका बसंल. आन् मग फुडं…" हौसरावांना नीट सांगता येईना. "फुडं तू इतकं रंगून सांगायचीस. मला ऐकावं वाटायचं. मी बी तिथंच हाय असं वाटायचं."

सोजराबाई वाळूत खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. सूर्य पाण्याला टेकला. हौसराव हात पुढं बांधून बाजूला उभे, जसे एके काळी गोण्या कमी भरल्या की सर्जेरावांपुढं उभे राहायचे. बायको रडेल, नाहीतर बोलायची बंद होईल, आणि गावात आता हसं होईल ते तिचं होईल, आपलं नाही, हे सगळं त्यांना एकदम दिसलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझा समिंदर मी घालवला."

सोजराबाईंनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसरं.

"म्हंजी नदी," त्या म्हणाल्या.

"आं?"

"धरन म्हंजी नदीच की. कोयनामाय. बाई हाय ती. अनसाबाई जल्मभर माझं डोकं खात व्हती, बाप्याची वटी कशी भरनार म्हनून. बाईचीच व्हती ती वटी." पदरानं त्यांनी डोळे पुसले. "तरीच ऐकलं तिनं. बाप्याला काय कळतंय, बाई पदर का पसरती."

हौसराव हळूच त्यांच्या शेजारी बसले. गुडघा कटकन वाजला.

"तिथं तुमी काय म्हनला व्हता, आठवतंय का?" सोजराबाईंनी विचारलं.

"मी? ह्योच समिंदर, आसं म्हनलो."

"त्ये झाल्यावर. मी नवस बोलून वळले तर तुमी माझ्या मागं हुबं. तुमी ऐकलं व्हतं समदं. मला म्हनला, पोर व्हऊ न व्हऊ, दुसरी बाई माझ्या दारात यायची न्हाई. आईचं मी बगून घीन."

हौसराव आठवायला लागले. धुकं आठवलं, हमाल आठवला, परतीला ट्रकचं इंजिन तापलं होतं तेही आठवलं. पण हे काही केल्या आठवेना. "आसं म्हनलो मी?"

"म्हनला. आन् मग मी पानी प्याले." सोजराबाई समोर बघत होत्या. "बायांना मी पानीच सांगत ऱ्हायले, निळं हाय आन् गोड हाय. ह्ये न्हाई सांगितलं कुनाला. समिंदर खोटा निघाला तर निघू द्या. तुमी म्हनला ते खरं केलं. मला तेवढं पुरं हाय."

ज्या गोष्टीच्या ओझ्यानं हौसराव जन्मभर वाकले, ती तिनं अशी उचलून बाजूला ठेवली. आणि जी त्यांना आठवतसुद्धा नव्हती, ती उराशी धरून ती जगली. त्यांना भरून आलं. ते वाळूतला एक शिंपला उगीच उकरत बसले.

उठताना सोजराबाईंनी जालिंदरला दुकानातून एक नारळ आणायला लावला. "दारात आलोय, रिकाम्या हातानं कसं जायचं," म्हणून तो समुद्राला वाहिला, हात जोडले. खणाला मात्र हात लावला नाही. समुद्र परका होता, परक्यापुरता मान त्याला मिळाला.

दुसऱ्या दिवशी परत घाट चढून हेळवाकला आले. धरणाच्या बाजूला पाण्यापर्यंत जाऊ देत नव्हते. चौकीवरचा माणूस म्हणाला, "आजी, परवानगी नाही. पण तिचंच पाणी खाली नदीला सोडलेलं असतं. पुलाजवळ उतरा." पुलाजवळ उतरले. झाडीतून कोयना संथ वाहत होती, तळाचे गोटे दिसण्याइतकी स्वच्छ. सोजराबाईंनी हळदकुंकू वाहिलं, खण, तांदूळ, बांगड्या, नारळ, एकेक करून पाण्यावर ठेवलं. ओंजळ भरून पाणी प्यायल्या आणि दुसरी ओंजळ हौसरावांपुढं धरली. ते प्याले.

मग सोजराबाईंनी जालिंदरला हाक मारली. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पोट सावरत, मोबाइल शर्टाच्या खिशात घालत पाण्यात उतरला. नवसाचं तान्हं देवाच्या पायावर घालतात तसा त्यांनी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. डोक्याला टक्कल पडत चाललेला सणसवाडीचा सुपरवायझर, पण निमूट बसला.

"माय, पोरगं आनलंय बघ," सोजराबाई म्हणाल्या. "लई उशीर झाला. आमचा पत्ता चुकला व्हता."

पुलावरून चिपळूणची एसटी गेली, खिडकीतल्या माणसांनी वाकून बघितलं. जालिंदर उठला, कपड्यांतलं पाणी पिळत गाडीकडं गेला. सोजराबाई काठाचे दगड चढू लागल्या आणि निसरड्या दगडावर थबकल्या. मुलासुनेसमोर हौसरावांनी कधी बायकोचा हात धरलेला नव्हता. तो त्यांनी धरला, आणि वर रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.